वृत्ती आणि पट : क्रीडाश्रयाच्या दोन मर्यादा

(१)

आश्रयदात्याचे द्रव्य मोजके असते आणि आश्रयेच्छूंची संख्या बहुधा त्याहून मोठी असते. त्यामुळे विद्येचा असो वा क्रीडेचा, कोणताही आश्रय काही काळ चालला की मर्यादेचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. ही मर्यादा दोन प्रकारांनी घालता येते. किती जणांना द्रव्य द्यावयाचे हे ठरविणे हा एक प्रकार, आणि किती जणांना दाराच्या आत घ्यावयाचे हे ठरविणे हा दुसरा. व्यवहारात या दोहोंची नेहमीच गल्लत होते. वस्तुतः त्यांचे परिणाम परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

मराठी भाषेने हा भेद आपल्या शब्दसंग्रहात जपून ठेवला आहे. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दातील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. जुन्या मराठी कागदपत्रांत जोशीपणाची वृत्ती, उपाध्येपणाची वृत्ती असे जे प्रयोग आढळतात, त्यांत वंशपरंपरागत हक्काचा अर्थही मिसळलेला आहे. इंग्रजी अमदानीत शिष्यवृत्ती हा शब्द रूढ झाला तेव्हा वंशाचा भाग गळून पडला आणि निर्वाहाचा अर्थ तेवढा उरला. ‘पट’ या शब्दाचा प्रवास निराळा आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ वस्त्र. वस्त्रावर चित्र काढीत, लेखन करीत, म्हणून तो फलकाचा वाचक झाला आणि पुढे नावांच्या यादीचा. हजेरीपट, पटसंख्या, पटावरून नाव कमी होणे हे प्रयोग शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकास परिचित आहेत. वृत्ती म्हणजे पोटाची सोय आणि पट म्हणजे नावाची नोंद. ज्याचे नाव पटावर आहे त्याला वृत्ती असतेच असे नाही. उलटपक्षी, पटावर नाव नसेल तर वृत्तीची गोष्टच उद्भवत नाही.

हा भेद हाताशी ठेवून महाराष्ट्रातील विद्याश्रयाचा व मल्लविद्येच्या आश्रयाचा इतिहास पाहिला असता काही गोष्टी स्पष्ट होतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९७३ पासून २०२५ पर्यंत झालेल्या नियमबदलांचा अर्थही त्या प्रकाशात अधिक नीट उमगतो.

(२)

विद्याश्रयाला मर्यादा घालण्याचा आपल्याकडील सर्वांत ठळक प्रयोग म्हणजे पुण्याची दक्षिणा. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मधील डभईच्या लढाईनंतर ती पेशव्यांकडे आली आणि श्रावणमासात पुण्यास दक्षिणा वाटण्याचा प्रघात पडला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या ब्राह्मणांची प्रचंड गर्दी होत असे. शास्त्री व वैदिक यांची परीक्षा होऊन त्यांना विद्येच्या मानाने अधिक रक्कम मिळे, तर इतरांच्या हातावर थोडेफार नाणे पडे. याचा अर्थ असा की, वृत्ती विद्वत्तेनुसार कमीजास्त होती, परंतु पट खुला होता. हा खुलेपणा एकाच वर्णापुरता होता हे मात्र विसरता येत नाही. रमण्याच्या दारावर संख्येची अट नव्हती, जन्माची होती, आणि जन्माची अट ही पटाच्या मर्यादेतील सर्वांत कठोर होय, कारण ती परिश्रमाने ओलांडता येत नाही.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. खर्च पन्नास हजार रुपयांच्या मर्यादेत आणून त्याने ती चालू ठेवली आणि १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात निघालेल्या हिंदू कॉलेजचा खर्च याच निधीतून होऊ लागला. पुढे १८३० नंतरच्या दशकात सरकारने आणखी एक पाऊल टाकले. ज्यांची नावे यादीत होती त्यांना हयातीपर्यंत दक्षिणा चालू राहिली, परंतु नव्या नावांची भरती बंद करण्यात आली. पहिले पाऊल वृत्तीवरील मर्यादेचे होते आणि दुसरे पटावरील. एकूण रक्कम आटोक्यात आणल्याने वाटा कमी झाला होता. यादी बंद केल्याने पुढच्या पिढीचा वाटाच नाहीसा झाला. यादीतील माणसे जसजशी दिवंगत होत गेली तसतसा निधी मोकळा होत गेला आणि त्या मोकळ्या रकमेचे काय करावे, हा वाद सुरू झाला.

१८४९ मध्ये पुण्यातील सुधारणावादी तरुणांनी सरकारकडे अर्ज करून मागणी केली की, हा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीस लावावा आणि विद्वत्तेची कसोटी जातीवर अवलंबून नसावी. जुन्या शास्त्रीमंडळींचा त्यावर मोठा क्षोभ झाला. तथापि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली, आणि पुढे त्याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमण्याची पद्धत पडली. न्यायमूर्ती रानडे हे अशा फेलोंपैकी एक होत. वृत्तींची संख्या बेताचीच राहिली, परंतु पटाची अट बदलली, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्टच अधिक महत्त्वाची ठरली.

(३)

मल्लविद्येच्या क्षेत्रात हाच प्रश्न कोल्हापूर संस्थानात निराळ्या स्वरूपात दिसतो. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतलेल्या शाहू छत्रपतींनी कुस्तीला जो आश्रय दिला तो सर्वश्रुत आहे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेस गेले असता रोम येथील प्राचीन रंगमंडल त्यांनी पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी इत्यादी तालमींची नावे तेव्हापासून महाराष्ट्रभर गाजली.

‘तालीम’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे, तर ‘वस्ताद’ हा फार्सी ‘उस्ताद’ या शब्दाचा मराठी अवतार. आखाड्याला विद्यालयाचे व त्यातील गुरूला अध्यापकाचे नाव देणाऱ्या या परिभाषेत एक व्यवस्था सूचित झालेली आहे. तालमीत दोन प्रकारचे पोरगे असत. निवडक मल्लांना दरबारातून खुराक मिळे. दूध, तूप, बदाम, मांस व थंडाई यांचा खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असल्याने खुराक हीच मल्लाची खरी शिष्यवृत्ती होती. परंतु खुराक नसलेल्या पोरालाही हौदात उतरण्याची बंदी नसे. तो घरची भाकरी बांधून आणी, माती उकरी, थोरल्या मल्लांचे अंग रगडी आणि त्यांच्याशी लढत घेऊन शिके. दरबारचा खर्च मोजक्या मल्लांवर होई, मात्र त्या मल्लांशी झोंबणारे अंग याच विनाखुराक पोरांचे असे. खुराकवाल्याची तयारी त्यांच्यावाचून होऊच शकत नव्हती, आणि उद्याचा खुराकवालाही त्यांच्यातूनच निघे.

याच राजाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून पुढे जैन, मुसलमान, लिंगायत आदी समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. या वसतिगृहांत जागा मोजक्याच होत्या. तथापि दक्षिणेच्या रमण्यावर जी जन्माची अट होती तिचे निराकरण, निरनिराळ्या समाजांसाठी निरनिराळे पट उघडून, येथे झाले. द्रव्य अपुरे असले तरी दारे वाढविता येतात, हा या धोरणातील बोध होय.

(४)

वृत्ती आणि पट यांची खरी कसोटी मात्र संस्थानी आश्रय संपल्यावर लागली. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव हे कराडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. त्यांच्याविषयी अशी हकीकत सांगितली जाते की, महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव देण्यासाठी ते गेले असता त्यांची लहानखुरी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्याचे नाकारले. तेव्हा ते प्राचार्यांकडे गेले, प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी परवानगी दिली, आणि मग एकामागून एक प्रतिस्पर्धी त्यांनी चीत केले. ही हकीकत तपशिलात कशीही असो, तिच्यात वृत्तीचा प्रश्नच नाही, फक्त पटाचा आहे. स्पर्धेच्या यादीत एक नाव वाढल्याने कोणाचा एक पैसाही खर्च होणार नव्हता, आणि तरीही ते नाव एका कटाक्षासरशी गळले असते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. मातीवर घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा सराव नव्हता हे लक्षात घेता ही कामगिरी लहान म्हणता येत नाही. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार गेला, आणि दरबाराबरोबर मल्लाला विलायतेस पाठविणारा खजिनाही गेला. लोकशाही राज्याने संस्थानाची सत्ता घेतली होती, परंतु संस्थानाच्या आश्रयाची जबाबदारी कोणत्या खात्याने घ्यावयाची हे अद्याप ठरले नव्हते.

१९५२ मध्ये हेलसिंकीसाठी निवड होण्याची वेळ आली तेव्हा ही पोकळी उघडी पडली. ऑलिंपिकमध्ये एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो. पटाची याहून कडक मर्यादा असू शकत नाही. खाशाबांच्या निवडीबद्दल वाद होऊन पुन्हा कुस्ती घ्यावी लागली, असे त्यांच्या चरित्रकथांत सांगतात. अखेर ते पटावर आले. आणि पटावर आल्यावर असे दिसून आले की, जाण्यासाठी पैसा नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूर व कराड येथील लोकांनी हातभार लावला, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, अशी सर्वमान्य कथा आहे. हेलसिंकीस खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. जपानचे शोहाची इशी पहिले आणि सोव्हिएट संघाचे रशीद ममदबेयोव दुसरे आले. स्वतंत्र भारतातील व्यक्तीला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. परतल्यावर कराडास बैलगाड्यांच्या लांबच लांब मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पुढे ते पोलीस खात्यात लागले आणि १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

या कथेतील प्राचार्यांच्या त्यागाची थोरवी गाताना तिच्यातील दोष दृष्टीआड होतो. एका अध्यापकाचे घर ही राष्ट्राच्या क्रीडाधोरणाची तिजोरी होऊ शकत नाही. पट राष्ट्रीय आणि वृत्ती घरगुती अशी ही विषम जोड होती. अशा गहाणखताच्या अभावी जे घरीच राहिले असतील त्यांची नावे इतिहासाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

(५)

अमेरिकेत हाच प्रश्न विपुलतेच्या टोकाकडून उभा राहिला. तेथे महाविद्यालयीन फुटबॉल हा विद्यापीठांचा मोठा व्यवसाय असून त्याचे नियमन १९०६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना करते. केवळ क्रीडाकौशल्यावर, गरज न पाहता शिष्यवृत्ती देण्यास तिने १९५६ मध्ये मोकळीक दिली. तेव्हापासून धनाढ्य विद्यापीठे वाटेल तितके खेळाडू शिष्यवृत्तीवर घेऊ लागली. स्वतःस नको असलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये म्हणून त्याला वृत्ती देऊन बाकावर बसवून ठेवावयाचे, असा प्रकारही त्यात होता. १९७३ मध्ये संघटनेने पहिल्यांदा राष्ट्रीय मर्यादा घातली. एका संघात १०५ हून अधिक शिष्यवृत्ती नकोत, असा नियम झाला. १९७८ मध्ये हा आकडा ९५ वर आला आणि १९९२ पासून क्रमाक्रमाने उतरवीत १९९४ मध्ये ८५ वर स्थिर झाला. खर्च आटोक्यात ठेवणे व लहान संघांना संधी देणे हे यामागील हेतू होते. १९७२ च्या समान शिक्षणसंधीच्या कायद्यामुळे स्त्रियांच्या क्रीडाविभागांसाठी तरतूद करणे विद्यापीठांना भाग पडले, तेव्हा फुटबॉलच्या अवाढव्य खर्चावर नजर वळणे अपरिहार्य झाले.

या व्यवस्थेत मर्यादा वृत्तीवर होती. पटावर, हंगामात किती नावे असावीत याला तसा राष्ट्रीय आळा नव्हता. त्यामुळे ८५ वृत्तिधारकांबरोबर तीस-चाळीस विनावृत्ती खेळाडू संघात असत. त्यांना तेथे ‘वॉक-ऑन’, म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला, असे म्हणतात. कोल्हापूरच्या तालमीतील घरची भाकरी खाणाऱ्या पोराचा हा सागरापलीकडील भाऊ होय. त्याचे काम सरावात वृत्तिधारकांपुढे उभे राहण्याचे, आणि क्वचित त्याच्यातूनच मोठा खेळाडू निघे. २०१७ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च हाइजमन पुरस्कार मिळविणारे बेकर मेफील्ड हे प्रथम अशाच रीतीने संघात आले होते. कुस्तीचा नियम आणखी बोलका होता. तेथील महाविद्यालयीन कुस्तीत दहा वजनगट असून एका संघाला ९.९ शिष्यवृत्तींची मुभा होती. फुटबॉलमधील वृत्तीचे तुकडे करता येत नसत, कुस्तीतील वृत्ती मात्र वाटून देता येत असे. परिणामी दहा गटांच्या वाट्याला दहा पूर्ण वृत्तीही येत नव्हत्या, आणि अर्ध्या-पाव वृत्तीवर संघ उभे राहत.

६ जून २०२५ रोजी एका दीर्घ खटल्यातील तडजोडीस न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मान्यता दिली आणि ही व्यवस्था उलटी झाली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्तीच्या संख्येची मर्यादा उरली नाही. खेळाडूंना उत्पन्नाचा वाटाही देता येऊ लागला, आणि त्याची पहिल्या वर्षाची कमाल सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलर ठरली. मात्र मर्यादा आता पटावर आली. फुटबॉलला १०५ आणि कुस्तीला ३० नावे. पूर्वी ८५ जणांना वृत्ती आणि इतरांना प्रवेश होता, तर आता १०५ जणांना वृत्ती देता येते आणि एकशे सहाव्याला प्रवेशच नाही. नवा नियम वरवर पाहता अधिक उदार आहे. ज्याच्या हाती वृत्ती येते त्याच्या दृष्टीने तो तसा आहेही. परंतु जो केवळ नावाची नोंद मागत होता, पैसा नव्हे, त्याचे दार त्याने बंद केले.

न्यायालयाला हे जाणवले नव्हते असे नाही. मर्यादेच्या अपेक्षेने ज्यांची नावे आधीच काढली गेली होती त्यांना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत तडजोडीत घालावी लागली. दक्षिणेच्या यादीतील जुन्या शास्त्र्यांना हयातीपर्यंत सवलत होती, तसेच हे झाले. विद्यमान नावांना संरक्षण आणि भावी नावांना प्रतिबंध, ही पट बंद करण्याची सार्वत्रिक रीत दिसते. ज्यांना तोंड आहे त्यांची तक्रार तिने शांत होते. ज्यांची हानी होणार असते ते अद्याप आलेलेच नसतात.

(६)

मराठवाड्याच्या संदर्भात या विवेचनाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील भोकर हे तालुक्याचे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कोल्हापुरासारखा मराठी दरबार व त्याचे खासबाग या प्रदेशाच्या वाट्याला आले नाही. येथील मल्लविद्या जत्रेच्या मैदानावर वाढली. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, आणि लहानमोठ्या गावांच्या जत्रांत, कुस्तीची जी रीत चालत आली तिच्यात पट नसतोच. प्रारंभी रेवड्यांवर व नारळावर पोरांच्या कुस्त्या लागतात, मग बक्षिसाची रक्कम चढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती होते. कोणीही लंगोट लावून मैदानात उतरावे, पंचांनी त्याच्या तोलाची जोड पाहून कुस्ती लावावी. द्रव्य वरच्या पायरीवर एकवटलेले असते, तर प्रवेश खालच्या पायरीवर सर्वांना असतो.

परंतु जत्रा वर्षातून एकदाच भरते, आणि खुराकाची सोय तिच्यात नाही. म्हणून येथील गुणी मल्लाला प्रदेश सोडावा लागला. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. ज्या स्पर्धेची पहिली गदा १९६१ मध्ये मराठवाड्यातच, औरंगाबाद येथे, दिनकर दह्यारी यांनी जिंकली होती, तिच्यासाठी लातूरच्या मल्लाला तयारी मात्र पंचगंगेच्या काठी करावी लागली. पट घरी व वृत्ती दूर, ही या प्रदेशाची स्थिती त्यातून दिसते.

आज भोकरला हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते दिगंबरराव बिंदू यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. शासकीय आश्रयाचे स्वरूपही बदलले आहे. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. २०१७ मध्ये केंद्राने ‘खेलो इंडिया’ योजनेची फेरमांडणी करून दरवर्षी एक हजार खेळाडू निवडण्याचे व प्रत्येकास आठ वर्षे वार्षिक पाच लक्ष रुपयांचे साहाय्य देण्याचे जाहीर केले. खर्डेकरांचे गहाणखत आठवले असता हा पालट मोठा आहे यात शंका नाही. परंतु हे सारे वृत्तीचे उपाय आहेत आणि ते निवड झाल्यानंतर लागू होतात. निवडीपूर्वीची पायरी, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातील सरावाचे मैदान व संघाची यादी, ही त्यांच्या कक्षेत येत नाही. एका वजनगटात एक नाव पाठवावयाचे म्हणून एकालाच गादीवर घेण्याची सवय जेथे जडते, तेथे पुढच्या वर्षीचा मल्ल आणि या वर्षीच्या मल्लाचा जोडीदार असे दोघेही एकदम नाहीसे होतात.

वरील तिन्ही उदाहरणांतून एक निष्कर्ष निघतो. वृत्तीला मर्यादा अटळ आहे, कारण द्रव्य मोजके असते, आणि ती योग्य रीतीने घातली तर न्यायाला पोषकही ठरते. अमेरिकेत ८५ च्या मर्यादेने लहान संघांना हात दिला तो याच मार्गाने. पटाला मर्यादा घालण्याचे कारण मात्र दर वेळी स्वतंत्रपणे सिद्ध झाले पाहिजे, कारण पटावरील एका अधिक नावाचा खर्च अल्प असतो आणि ते नाव गाळल्याने होणारी हानी मोजता येत नाही. दक्षिणेच्या इतिहासात पटाची अट बदलली तेव्हा विद्येचे क्षेत्र विस्तारले, कोल्हापुरात हौद खुला राहिला तेव्हा मल्ल निपजले, आणि राजाराम महाविद्यालयाच्या यादीत नाकारलेले एक नाव परत घातले गेले तेव्हा देशाला पदक मिळाले. या तिसऱ्या प्रसंगी पैसा पुढे चार वर्षांनी नव्हे, तर अगदी अखेरच्या घटकेस जमला. नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी लागले होते, आणि ते लागले नसते तर घर गहाण टाकण्याची वेळ कोणावर आलीच नसती.